धुऱ्यावरचा शेंदरी दगड

माझ्या मोठ्या मायवर अन्याय झाला. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. साठीच्या पुढची, विधवा, पातूरच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर जी गावं आहेत त्यातल्या एका गावची शेतकरी. कधी झाला, तर गेल्या वर्षी अक्षय तृतीयेच्या, म्हणजे आमच्या अखजीच्या, आदल्या दिवशी सकाळी, ऊन चटके द्यायला लागायच्या आधी. गावात कोणालाही विचाराल तर तो दुसराच दिवस सांगेल. म्हणेल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कराच्या दिवशी, पाऊस पडला, बांध फुटला, बाईचं वावर खरडून गेलं, आभाळापुढे कोणाचं चालतं. हे खोटं आहे. पावसानं झालेल्या कामावर फक्त पाणी ओतलं. वावर गेलं ते अखजीच्या आदल्या दिवशी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, अर्ध्या गावासमोर. मी तिथं उभी होते.

नावं मी लिहिणार नाही. का नाही, ते पुढे कळेल.

आमची जमीन कागदावर शेती आहे, पायाखाली बरड आहे. वर हातभर माती, काही जागी वीतभर, आणि खाली मुरूम. उतार असा की वखर ओढताना बैल एका अंगावर झुकून चालतात. दर पावसाळ्यात माती थोडी थोडी नाल्याला लागते, नाल्यातून नदीला, आणि खाली काळ्या रानात जाऊन बसते. खालचे लोक आम्हाला डोंगरातले म्हणून हिणवतात आणि आमच्याच मातीवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, काढतात. हे वाक्य मी आधी एका पत्रकात लिहिलं होतं. अमरावतीला कॉलेजात होते तेव्हापासून मी पत्रकं लिहिते. पहिलं होस्टेलच्या पाण्यावर लिहिलं, मग अडकलेल्या शिष्यवृत्तीवर, मग या मातीवर. पत्रक लिहिताना एवढंच शिकवतात: अन्याय कोणावर झाला, कोणी केला, कधी केला, आणि वाचणाऱ्यानं काय करायचं. बाकीचं कापा. इथं मला काही कापता येत नाही, म्हणून हे लांबलं आहे.

तर एका संस्थेनं आमच्या गावात मातीबांधाचं काम घेतलं आणि मी पेटी उचलून गावी आले. चिखलदऱ्याच्या खालच्या एका गावात जाऊन मी रेघ आखायला शिकले होते. त्यासाठी यंत्र लागत नाही. बांबूची दोन पायांची घोडी करायची, मधे आडवा बांबू, वरून दोरीला दगड लोंबता. दोरी आडव्या बांबूच्या खुणेवर थांबली की दोन्ही पाय एका उंचीवर आहेत असं समजायचं. मग मागचा पाय पुढे फिरवायचा. घोडी चालत जाते, मागून कोणीतरी पांढरी फक्की टाकत येतं, आणि डोंगराच्या अंगावर एका उंचीची रेघ उमटते. त्या रेघेवर बांध घालायचा. रेघ सगळीकडे एका उंचीवर असली की पावसाचं पाणी बांधामागे ताटातल्या वरणासारखं सारखं पसरतं आणि जागच्या जागी मुरतं. पण रेघ एका जागी जरी खाली उतरली, तर दोन्हीकडचं पाणी त्या खोलगट जागेकडे धावतं आणि तिथंच बांध फोडतं. रेघ वर चढली तर काही बिघडत नाही. खाली उतरली की बिघडतं. शाळेतल्या पोराला कळेल इतकं हे सोपं आहे.

त्या सकाळी घोडीचा एक पाय माझ्या हातात होता, दुसरा संस्थेच्या सुपरवायझरच्या. तोही माझ्याच वयाचा, अकोल्याहून मोटरसायकलवर येणारा. मागे फावडी, घमेली घेतलेले लोक. सगळ्यांचा मूड चांगला होता.

"ए पोरी, तुही घोडी सरकारी चालीनं चालून राहिली!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मंग तू बस वर, चाबूक मार," मोठी माय म्हणाली. लोक हसले. ती तेव्हा बोलत होती, हे लक्षात ठेवा.

चालत चालत आम्ही तिच्या वावराशी आलो. तिचं वावर खाली, त्याच्या वर दुसऱ्याचं. त्या वरच्या वावराच्या मालकाला मी लहानपणापासून काका म्हणते, इथंही वरचे काकाच म्हणते. दोन वावरांच्या मधे गवताची पट्टी आहे. तिला आमच्याकडे धुरा म्हणतात. धुऱ्याच्या या अंगाची माती आमची, त्या अंगाची त्यांची. आणि त्या धुऱ्यावर, बोरीच्या झाडाखाली, गुडघ्याएवढा एक दगड आहे. शेंदराचे इतके थर बसलेत की मूळचा दगड केवढा हे सांगता येणार नाही. बेगडाचे दोन डोळे. त्या देवाचं नाव काय यावर गावात एकमत नव्हतं. कोणी मसोबा म्हणे, कोणी नुसतं धुऱ्यावरचा देव.

घोडीचा पाय बरोबर दगडावर आला.

"आता?" सुपरवायझर म्हणाला.

"आता काय? देवाले पाय लावता का?" वरचे काका पुढे आले. त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

"मग दगडाच्या वरून वळवू," मी म्हणाले. "काका, तुमच्या अंगानं थोडी वर. वर चढलेली रेघ फुटत नाही."

काका हसले. त्यांचा आवाज कधीच चढत नाही. "देवाले बांधाच्या खाली टाकतं का वं पोरी? आमच्या इकडून पाणी दाबलं तं पयले देव वाहून जाइन. देव आमच्या अंगाले राहू द्या. आमी सांभायतो."

"मग खालून?" सुपरवायझरनं विचारलं.

"खालून घ्या ना. वयनीचं हातभर वावर जाइन, दुसरं काय. काय हो वयनी?"

सगळे मोठ्या मायकडे बघायला लागले. डोक्यावर घमेलं घेऊन ती उभी होती. तिनं ते खाली ठेवलं नाही. "तुमी म्हणसान तसं," ती म्हणाली.

मी म्हणाले, खाली उतरवली तर इथंच फुटेल. दोनदा म्हणाले. सुपरवायझर म्हणाला, "ताई, एवढ्याशा वाकानं काही होत नाही. दगड रचून पिचिंग करून देऊ. आज मला रेघ नाल्यापर्यंत न्यायचीय. उद्या सण, एक माणूस येणार नाही." मागून पुन्हा तोच आवाज आला, "पत्रकवाली बाई, देवाले एक पत्रक देऊन पाय, सरकते का!" मोठा हशा पिकला. फक्की पडली. रेघ दगडाला टाळून मोठ्या मायच्या वावरात उतरली आणि पलीकडे पुन्हा वर चढली. वाळत घातलेल्या ओल्या लुगड्याला मधे झोळ पडतो, तशी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी, अखजीला, दुपारी मोठी माय अंगणात सूप घेऊन तुरीचं बियाणं निवडत होती. माझा राग कालचाच होता.

"काहून बोलली नाई तू?"

"काय बोलू? दगड आपला हाय."

"आपला म्हणजे?"

"आपल्या बुढ्यानं गाडलेला हाय. माह्या सासऱ्याच्या बापानं."

मग तिनं सुपातली किडलेली तूर एकेक बाजूला काढत सांगितलं. बुढ्याच्या काळी वरचं वावर काकांच्या आज्याकडे होतं. नांगरटीत त्यांचे बैल दर साली चुकून धुऱ्यावर चढायचे. दर साली वीतभर. आपल्या माणसाचं तेव्हा कोण ऐकत होतं? पाटलाकडे जाऊन सांगावं, तर पाटील त्यांचाच सोयरा. धुऱ्यावर हद्दीचा म्हणून बुढ्यानं एक दगड गाडला होता, तोही दोन वेळा उपटून फेकला गेला. मग एका सकाळी बुढ्यानं आंघोळ केली, दगड परत जागेवर गाडला, त्याला तेल लावलं, शेंदूर फासला, नारळ फोडला आणि कोणाशी काही न बोलता घरी आला.

"दुसऱ्या दिशी यायच्या आज्याचे बैल आले धुऱ्याजोळ," मोठी माय म्हणाली, "अन् आज्याच्या पायातले जोडे सुटले! हात जोडले, बैल मांगं फिरवले. आपला बुढा पऱ्हाटीत बसून पोट धरून हासे म्हणते."

मीही हसले. ती हसली नाही.

"मंग छप्पनची दीक्षा झाली. घरातले देव टोपल्यात घालून नदीत सोडले. लोक म्हणाले, धुऱ्यावरचाही काढा. बुढा म्हणे, तो देव नाही, तो धुरा हाय, त्याले हात लावू नका. तवापासून आपण त्याच्या पाया पडत नाई अन् त्याले हालवतही नाई. पाया वरचे पडतात. रोडगे भाजून निवद वरचे दाखवतात."

"मंग सांगून टाक ना सगळ्यायले."

"कोणाले सांगू?" तिनं सूप खाली ठेवलं. "वरच्यायले सांगू, का तुमच्या आज्याले आमच्या बुढ्यानं फसवलं? का विहारातल्या आपल्या पोरायले सांगू, का धुऱ्यावरचा शेंदूर आपल्याच घरचा हाय? ते मारतीन अन् हे हासतीन. भैताड हाय का मी?"

मला तेव्हाही पूर्ण कळलं नव्हतं. बांध उभा राहिला तेव्हा कळलं. कमरेइतका उंच, गावानं श्रमदानातून घातलेला, त्यावर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकले गेले, कोणीतरी खाली फुलं टाकली. बांध झाला आणि दगड दिसेनासा झाला. तो पलीकडे गेला, काकांच्या अंगाला. जुना धुरा आता बांधाच्या वरच्या बाजूला, काकांच्या वावरात होता. ज्येष्ठात काकांनी वखर थेट बांधाच्या पायथ्यापर्यंत आणला, गवताची पट्टी मोडली, बोरीच्या खाली दगडाभोवती सिमेंटचा ओटा बांधला. बांधाच्या इकडे आमचं, तिकडे त्यांचं, असं लोक आपोआप म्हणायला लागले. बुढ्यानं ज्या दगडानं हद्द राखली, त्याच दगडानं ती खाली ढकलली. आणि मोठी माय तोंड उघडू शकत नव्हती. काका मात्र भेटले की म्हणायचे, "वयनी, देव काई एकट्याचा नाई, दर्शनाले येत जा."

पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर पाऊस लागला. कराच्या सकाळी थांबला तेव्हा आम्ही दोघी वावरात गेलो. बांध झोळाच्या जागी फुटला होता. बैलगाडी निघून जाईल एवढं तोंड पडलं होतं. तिथून खाली, वावराच्या मधोमध, नवा नाला. सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या होत्या, त्यातलं निम्मं गाळात दबलेलं, निम्मं गेलेलं. भाकरीचा पापुद्रा सोलून काढावा तशी माती निघून गेली होती आणि खालून पिवळा मुरूम उघडा पडला होता. काठावरच्या तुरी उभ्या होत्या, पण मुळं हवेत. मोठी माय एकेक तुरीजवळ बसून मुळावर माती ओढत होती आणि टाचेनं दाबत होती. माती नव्हतीच. ती मुरूमच ओढत होती.

वर बांधावर लोक जमले. काका आले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, हे मी लिहिते, कारण तेही खरं आहे. डोळ्यांत पाणी होतं. "वयनी, लय वाईट झालं," ते म्हणाले. "देवानं वाट मागतली. काई चुकलं असन."

"रोडग्याले येत नाई ना या," शेजारची एक बाई हळूच म्हणाली. ऐकू जावं इतकं हळू.

झालं. तेवढ्यात ठरलं की चूक कोणाची. पाण्यानं एका जागी धाव घेतली त्याचं कारण फक्की नव्हती, आमची पाठ फिरवण्याची सवय होती.

संस्थेनं बांध दुरुस्त केला. त्याच जागी, त्याच झोळात, आणखी दगड लावून, आणखी उंच. म्हणजे आता तिथं आणखी पाणी उभं राहणार. मी सुपरवायझरला म्हणाले, वर सरकवा. तो म्हणाला, "ताई, वर सरकवायचा तर काकांची संमती पाहिजे. खाली तर बांध आहेच. आहे त्याला कोण हात लावतं?" मी ग्रामसभेत उभी राहिले. काका म्हणाले, गावाचा बांध आहे, गावानं ठरवावं. गाव म्हणालं, देवाचा प्रश्न आहे, काकांनी ठरवावं. मग मी मोजणी मागवायचं काढलं. सरकारी माणूस येतो, साखळी टाकतो, हद्द दाखवतो. मोठी माय म्हणाली, "तो इचारन, जुनी खूण कोणती. मी काय सांगू? देव सांगू का दगड सांगू?" तीही वाट बंद.

रोज सकाळी ती वावरात जायची, कारण जाणं सवयीचं होतं, आणि तिथं बांधाकडे पाठ करून बसायची. पूर्वी त्या वावरातून वर डोंगर दिसायचा, बोर दिसायची, काकांची बैलजोडी दिसायची. आता तिकडे वळून बसलं तर समोर मातीची भिंत. तिच्यामागे पाणी, आणि पाण्यामागे तो दगड. मी शेजारी बसायचे. बोलायला काही नव्हतं, आणि जे होतं ते बोलायचं नव्हतं. एकदा ती म्हणाली, "असं वाटते, ताटाखाली झाकल्या गेलो." परत कधी म्हणाली नाही.

मी मोठ्या मायच्या नावानं पत्रक लिहिलं. शीर्षक होतं, शेंदूर कोणी लावला? माझ्या आजवरच्या पत्रकांत ते सगळ्यात चांगलं होतं. कोणावर, कोणी, कधी, सगळं चोख. मोठ्या मायनं मला ते वाचायला लावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"फाड," ती म्हणाली.

"खरं आहे ना पण?"

"खरं हाय म्हणून तं फाड म्हणते. हे तुह्या अमरावतीच्या मोर्च्याचं नाई. याच्यावर सही माही हाय, अन् रायणं मले इथी हाय."

मी फाडलं. ज्या एका गोष्टीनं रेघ सरळ झाली असती ती मला पाठ होती, आणि छापता येत नव्हती. लोकांनी अन्यायाबद्दल गप्प राहावं हे मला आजवर भित्रेपणाचं वाटे. आता मी स्वतः रोज गप्प राहून चुलीशी बसत होते आणि भाजी चिरत होते.

दिवाळीनंतर देवाच्या रोडग्याच्या जेवणाचं आमंत्रण आलं. वरच्या काकांनी घरी येऊन सांगितलं, म्हणजे न जाणं हा उद्धटपणा झाला असता. मोठी माय गेली. मीही गेले. काकांच्या वावरात, ओट्याशेजारी गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. पंगत बसली. आम्ही शेवटाला. मोठी माय अशी बसली की तिची पाठ दगडाकडे आणि तोंड खाली आपल्या वावराकडे. काका स्वतः वाढत होते.

"घ्या वयनी, लाजू नका. तूप घ्या."

"घेते ना भाऊ. तूप चांगलं हाय."

"यंदा काय पेरसान?" वाकून भाजी वाढता वाढता ते म्हणाले. "त्या मुरमात काई येत नाई आता. पडीक ठेवण्यापरीस मक्त्यानं द्या मले. मी गाळ आणून टाकीन, सुधरवीन. वावर घरचं घरात राहीन."

मोठ्या मायनं रोडगा मोडला, भाजीत बुडवला, खाल्ला. "पाहू," ती म्हणाली.

घरी येताना पांदणीच्या वाटेत ती थांबली. दम लागला म्हणून असेल. म्हणाली, "यायच्या आज्याले आपण थांबवलं. नातवानं आपल्याले थांबवलं. दगड तोच." आणि पुढे चालायला लागली.

हिवाळ्यात तूर आली ती पोत्याच्या तळाशी बसली. हरभरा पेरलाच नाही. वावर मक्त्यानं, म्हणजे खंडानं, जाणार हे गावात सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली. माझे वडीलसुद्धा म्हणाले, देऊन टाक वहिनी, किती दिवस मुरूम राखतेस. मोठी माय हो म्हणत नव्हती आणि नाही म्हणायला तिच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं.

मग या वर्षी, अखजीच्या आधी, एका सकाळी वावरातून सब्बल, म्हणजे पहार, आपटल्याचा आवाज आला. आम्ही गेलो. काका होते, त्यांचे दोन मजूर होते, लोखंडी खांब होते, तारेचं भेंडोळं होतं. खांबांसाठी खड्डे घेणं चाललं होतं. बांधाच्या वर नाही. खाली, बांधाच्या आमच्या अंगाला, मोठ्या मायच्या वावरात.

"काई नाई वयनी," काका म्हणाले, "जनावरं बांध उकरून राहिले. गावाचा बांध हाय, राखाले पायजे. कुंपण करून घेतो. तुमालेही बरं."

मोठी माय चालत गेली आणि नव्या खड्ड्यात उभी राहिली. खड्डा पोटरीइतका होता. मजुराची सब्बल वर होती, ती तशीच राहिली.

"भाऊ, थांबा."

"काय झालं?"

"तो वरचा दगड आमचा हाय."

काका हसले. "देव सगळ्यायचा असते वयनी."

"देव असन सगळ्यायचा. दगड आमचा हाय. आमच्या बुढ्यानं गाडला. तुमचा आजा धुरा कोरत होता म्हणून गाडला. शेंदूर आमच्या घरचा. तेल आमच्या घरचं. नारळही आमच्याच घरचा, तो मात्र तुमच्या आज्यानं खाल्ला."

एक मजूर फिस्सकन हसला आणि मग खाली बघायला लागला. काकांचा चेहरा मी बघत होते. पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"देवाच्या नावानं खोटं बोलता?"

"देवाच्या नावानं खोटं आमचा बुढा बोलला," मोठी माय म्हणाली. "मी खरं बोलून राहिली. तुमी देव ठेवा. रोडगे करा, मी येईन खायाले. बोलाऊन पाहा. पण धुरा तिथी हाय, दगडाजोळ, अन् बांध त्याच्या वरून जाइन. खड्डा बुजवा."

खड्डा बुजवला गेला नाही. पण सब्बलही परत पडली नाही. मजूर निघून गेले, खांब तिथंच पडले, अजून पडलेत.

पुढचं तिला आधीच माहीत होतं आणि तसंच झालं. दुपारपर्यंत गावभर झालं की बाईनं देवाचा अपमान केला. संध्याकाळपर्यंत विहारात कोणीतरी म्हणालं, धुऱ्यावर देव पाळणारे आम्हाला काय शिकवणार. आता धसकटं वेचायला तिला कोणी बोलावत नाही. चक्कीवर तिचं दळण मागे राहतं. काका दिसले की रस्ता बदलतात, आणि ते सगळ्यात वाईट, कारण त्यांच्याशी भांडायलाही आता माणूस उरला नाही. माझे वडील म्हणाले, "गप राहिली असती तं निदान मक्ता तरी आला असता." मोठी माय म्हणाली, "तोच तं नव्हता पायजे."

मोजणीचा अर्ज दिला आहे. अर्जात जुन्या खुणेच्या जागी तिनं माझ्याकडून लिहून घेतलं: बोरीखालचा शेंदरी दगड, आमच्या घरचा. मोजणीवाला अजून आलेला नाही. पाऊस मात्र येणार आहे. बांध आहे तिथंच आहे, झोळ आहे तिथंच आहे, पूर्वीपेक्षा उंच. पेरावं की नाही हे ती अजून ठरवू शकलेली नाही. बियाणं निवडून सुपात ठेवलंय.

हे लिहू का, मी विचारलं.

"लिही," ती म्हणाली. "नाव नको टाकू. त्यायचंही नको, माहंही नको. नाव टाकलं का लोक नावच वाचतात, रेघ वाचत नाई."

म्हणून नावं नाहीत. आता तुमचं काम. तुमच्या गावाच्या उतारावरही असा बांध असेल, नसला तर पुढच्या उन्हाळ्यात होईल. पाऊस यायच्या आत तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी चालून या. तो जिथं खाली उतरलाय तिथं थांबा. कशाला टाळून उतरला ते बघा, दगड असो, विहीर असो, कोणाच्या पडवीचं छप्पर असो. मग त्याच्याखाली कोणाचं वावर आहे ते विचारा, त्या माणसाच्या घरी जा आणि तो गप्प का राहिला ते बसून ऐकून घ्या. आणि मग फावडं घेऊन चार माणसांना बोलवा आणि बांध वर न्या. मोठ्या मायसाठी हळहळायचं असेल तर ते त्यानंतर करा.